टकटकीची रेकॉर्ड

१९७२ साल. मी सतरा वर्षांचा होतो, मिसरूड नुकतंच फुटलं होतं आणि चौथीनंतर शाळेची पायरी पुन्हा चढलो नव्हतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं लिहिण्यात काही चुकलं तर वाचणाऱ्यानं मास्तर होऊन लाल शाई काढू नये. नात म्हणाली, आजोबा, तुम्ही नुसतं बोला, मी मोबाईलवर टाईप करते. मी म्हणालो, न्हाई. माझ्या बापाचं मी माझ्या हातानं लिहिणार, मग अक्षर कोंबडीच्या पायाचं का असेना.

आमचं गाव पारनेरच्या वरच्या अंगाला, माळावर. घरात आम्ही तिघं. माझ्या बापाचा बाप, त्याला आम्ही आबा म्हणायचो, माझी आई आणि मी. त्या साली पाऊस नव्हता, ते सगळ्यांना माहीत आहे, त्यावर मी वेगळं लिहीत बसत नाही. मला आठवते ती मिलोची भाकरी. तांबड्या रंगाची, परदेशातून आलेली ज्वारी. तिची भाकरी थापताना कडेला चिरा पडायच्या आणि आई त्या चिरा ओल्या बोटानं बुजवत बसायची, जशी काय भिंतच लिंपतेय. बरोबर हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं. आबा म्हणायचा, "हे माडगं घोड्याला घातलं तर घोडं नगरला जाऊन येईल, आन् माणसाला घातलं तर माणूस परसाकडं." रोज हाच विनोद, आणि रोज तो एकटाच हसायचा. आई दिवसभर खडी फोडायच्या कामावर. संध्याकाळी ती घमेलं डोक्यावर घेऊन यायची तेव्हा कुत्रं आधी भुंकायचं, मग तिला ओळखून गप्प व्हायचं, कारण ती पायापासून पापणीपर्यंत पांढरी झालेली असायची.

बाप नव्हता. बाप ढोलकी वाजवायचा. शेतकऱ्याच्या घरात ढोलकी म्हणजे भजनापुरती, एकादशीपुरती, पण हा गडी तिच्या मागंच लागला. जत्रेला आलेल्या एका तमाशाच्या फडाबरोबर मुंबईला गेला तो गेलाच. मी तेव्हा पाच वर्षांचा. मला त्याचा चेहरा आठवत नाही, आणि आठवतो असं खोटं लिहिणारही नाही. एकच गोष्ट आठवते, त्याची अंगठी. घोड्याच्या नालेची, लोखंडाची, मधल्या बोटात. शिंगणापूरहून आणलेली. ढोलकी वाजवणारे बोटात काही ठेवत नाहीत, त्यानं थापेत खोट येते. त्याच्या वस्तादानं त्याला किती वेळा सांगितलं, अंगठी काढ. हा म्हणायचा, "वस्ताद, तुमी कोपलात तर पाया पडून मनवीन. शनिदेव कोपला तर कुणाच्या पाया पडू?" नाही म्हणजे नाहीच काढली. हट्ट आमच्या घराण्यात विहिरीच्या पाण्यासारखा आहे. ती विहीर दुष्काळातही आटली नाही. जेवताना पाणी पाहिजे असलं की तो तोंडानं मागायचा नाही, अंगठी तांब्याच्या काठावर वाजवायचा. टक्. आई पाणी ओतायची. एवढाच माझा बाप.

मी कामाला होतो हबीबभाईंकडं. पारनेरच्या बाजारपेठेत त्यांचं लाऊडस्पीकरचं दुकान होतं. लग्नाला, बारशाला, उरुसाला, सप्त्याला, कुणाचंही काही असो, आमचे दोन भोंगे जायचे. झाडावर चढून भोंगा बांधायचा, बॅटरी जोडायची आणि रेकॉर्ड लावत बसायचं, हे माझं काम. हबीबभाई पगार कमी द्यायचे आणि वर जुन्या रेकॉर्डी द्यायचे. कुणाची कड उडालेली, कुणाला खोका नाही. लोक रेकॉर्डीला तवा म्हणायचे. माझ्याकडं बघता बघता एक पेटी भरून तवे झाले. त्यांच्याकडचं सेलवर चालणारं एक जुनं मशीनही मी दुरुस्त करून घेतलं. आमच्या गावात दुसऱ्या कुणाच्या घरात असली पेटी नव्हती, आणि मला त्याचा माज होता. आजही थोडा आहे.

त्या पेटीत एकच तवा नवा कोरा होता. एका पिक्चरचा, मोठा, प्लास्टिकचा, पडला तरी न फुटणारा. दिवाळीला हबीबभाईंनी मला बक्षीस दिलेला. खोक्यावर झोपाळ्यावर बसलेली बाई होती आणि तिच्या साडीचा रंग इतका लाल होता की आबा म्हणायचा, ही बाई मिलो खात नसणार. पिक्चरचं नाव मी लिहीत नाही. लिहिलं तर कुणीतरी शोधायला जाईल, आणि ती गोष्ट माझ्या घरातली आहे.

पहिल्यांदा तो तवा मी घरी लावला तेव्हा आई चुलीपुढं होती. पहिलंच गाणं लावणीच्या ढंगाचं. बाई गाते, मग थांबते, मग एकटी ढोलकी वाजते, आणि ढोलकी जिथं समेवर येऊन पडते त्याच्या अलीकडं एक बारीक आवाज येतो. टक्. मी वैतागलो. नव्या तव्यात चरा! सुई पुसली, तवा फडक्यानं पुसला, परत लावला. परत टक्. तेवढ्यात जळका वास आला म्हणून वळून बघितलं तर भाकरी चुलीवरच्या तव्यात काळी झाली होती आणि आई तिच्याकडं बघतही नव्हती. माझ्या आईच्या हातून भाकरी जळलेली मी त्याआधी बघितली नव्हती.

"हे कुठं वाजिवलंय रं?" तिनं विचारलं.

"मुंबईला. सगळं मुंबईलाच वाजिवतेत."

"कवाचं हाय?"

"नवंच हाय की. पिक्चर आत्ता लागलाय."

जळकी भाकरी तिनं स्वतःच्या ताटात घेतली. त्यानंतर रोज संध्याकाळी घमेलं उतरवलं, तोंड धुतलं, की ती म्हणायची, "लाव तुझं ते टकटकीचं." मला वाटायचं, चेष्टा करते. मला राग यायचा. हबीबभाईंनाही मी तो तवा दाखवला, म्हणालो, चरा पडलेला माल दिलात. त्यांनी डोळे मिटून ऐकला.

"अरे बेटा, चरा तालात येतो व्हय कदी?" ते म्हणाले. "चरा आंधळा आस्तो. ह्यो समंला धरून येतोय."

"चराच हाय," मी म्हणालो.

"बरं बाबा, चरा. तुझ्याशी वाद घालायचा म्हंजे भिंतीला न्हाऊ घालायचं." ते हसून मान हलवत आत गेले. तव्यावर कुठं चरा दिसत नव्हता, उन्हात तिरका धरून मी दहादा बघितलं. पण एकदा तोंडातून चरा म्हणालो होतो.

उन्हाळा लागला आणि आबानं बापाचा विषय काढला. बारा वर्षं भरली होती. आमच्यात चाल आहे, घरातून गेलेला माणूस बारा वर्षं आला नाही, त्याचा कागद नाही, निरोप नाही, तर तो मेला असं धरायचं आणि त्याचं करायचं. मग पळसाच्या पानांचा माणूस करतात, डोक्याच्या जागी नारळ ठेवतात, त्याला नदीवर नेऊन जाळतात, मुलगा डोकं भादरतो, आणि बाईचं जे काय पुसायचं ते पुसतात. आबा खाटेवर बसून बोलत होता आणि आई उंबऱ्याच्या आत तांदूळ नसलेलं सूप उगाच पाखडत होती.

"मी हाय तंवर त्याचं करू द्या," आबा म्हणाला. "माझ्यामागं कोन करनार? पोराचं बापानं करायचं, ही काय बरी गोस्ट न्हाई. पर तो तिकडं लटकतोय, ना इकडचा ना तिकडचा. रातीला सपनात येतो आन् पानी मागतो."

मी आईकडं बघितलं. ती म्हणाली, "मामंजी म्हंतेत तसं करा." एवढंच. तिचा आवाज खडीसारखा कोरडा होता. मला वाटलं, तिलाही सुटका पाहिजे. सतरा वर्षांच्या पोराला काय कळतं? जे वाटतं तेच खरं असतं.

भाऊकीचं जेवण घालायचं होतं. त्या साली गूळ-तांदूळ आणायचा म्हणजे काय, ते ज्यांनी तो काळ बघितला त्यांनाच ठाऊक. हबीबभाई म्हणाले, माझ्याकडून घे, नंतर बघू. मी म्हणालो, "न्हाई. बापाचं करायचं तर माझ्या मालकीच्या वस्तूवर करीन. उसन्यावर न्हाई." आणि माझ्या मालकीची किंमत येईल अशी वस्तू एकच होती, ती लाल साडीवाली. बाकीचे तवे कुणी फुकट नेले नसते.

क्रियेच्या आदल्या दिवशी आई कामावर गेल्यावर मी तो तवा फडक्यात गुंडाळला आणि सायकलवर पारनेरला गेलो. स्टँडवर एक हॉटेल होतं, त्याच्या मालकाला सगळे नाना म्हणायचे. पोट मोठं, गळ्यात माळ, आणि गिऱ्हाईक ओढायला दिवसभर गाणी लावायचा. बऱ्याच दिवसांपासून तो माझ्या तव्यावर डोळा ठेवून होता.

"आलास व्हय लाल साडी घेऊन?" नाना म्हणाला. "मी म्हनलंच हुतं, दुस्काळ चांगल्या चांगल्यांच्या पेट्या उघडायला लावतो."

"नाना, आधी सांगतो. पैल्या गाण्यात एके ठिकानी टकटक हुती. मागून म्हनायचं न्हाई, फसिवलं."

"चरा पडलाय म्हन की."

"चराच."

"मंग डागी माल झाला की रं. डागी मालाचं डागी मोल."

त्यानं भाव पाडला आणि मी पाडू दिला. खोटं बोलून माल विकणारी आमची जात नाही. त्यानं लगेच तवा लावला. हॉटेलात चार माणसं चहा पीत होती. ढोलकी आली, टक् आलं, नाना म्हणाला, "हे व्हय? ह्यात काय हाय, बशीवर कप आपाटल्यागत तर वाटतंय." सगळे हसले. मीही हसलो. हसत हसत सायकलवर टांग टाकली, गूळ आणि तांदूळ हँडलला बांधला आणि गावाकडं निघालो. मागून बराच वेळ गाणं ऐकू येत होतं. मी एकदाही मागं बघितलं नाही. त्यात माझं असं काय होतं मागं बघण्यासारखं?

संध्याकाळी आई आली. आबा देवळाकडं गेला होता, भटजींना उद्याचं सांगायला. कुत्रं भुंकलं, गप्प झालं. ती घमेलं डोक्यावर घेऊनच दारात उभी राहिली आणि म्हणाली, "लाव रं. आज आधी लाव तुझं टकटकीचं."

"इकलं," मी म्हणालो.

"काय इकलं?"

"ती रेकॉर्ड. उद्याच्या जेवनाला. नानाला दिली."

ती तशीच उभी. घमेलं उतरवेना. मला वाटलं ऐकू आलं नाही, म्हणून मी पुन्हा सांगितलं, जरा मोठ्यानं, जरा फुशारकीनं. मला वाटत होतं ती म्हणेल, शहाणा झालास. तिच्या तोंडावरची धूळ दोन रेघांत ओली झाली. मग ती हळूच म्हणाली, "आरं, त्यात तुझा बाप हुता."

मला काही कळलं नाही. खरंच सांगतो, शब्द कळले आणि अर्थ कळला नाही. मला वाटलं, उन्हानं हिच्या डोक्याला काहीतरी झालं. मी म्हणालो, "आई, बस. पानी पी." ती बसली. घमेलं पुढं पालथं घातलं, त्यातून पडलेला खडीचा एक खडा उचलला आणि डाव्या हातानं घमेल्याच्या बुडावर ठेका धरला. तोच ठेका. आणि समेच्या अलीकडं खडा काठावर मारला. टक्.

मी भिंतीला टेकलो तो घसरत खाली बसलो. मला तांब्या दिसला. पितळेचा तांब्या, त्याच्या काठावर लोखंडाची अंगठी, पाणी मागणारी. सहा महिने मी तो आवाज फडक्यानं पुसत होतो. सुया बदलत होतो. हबीबभाईंशी भांडलो होतो. बाप माझ्या घरात रोज संध्याकाळी पाणी मागत होता आणि मी त्याला डागी म्हणून विकून आलो होतो, वर लोकांबरोबर हसलो होतो.

"जित्ता हाय?" मी विचारलं.

"दिवाळीत नवी हुती म्हनालास न्हवं? मंग हाय की जित्ता. वाजिवतोय. अंगठी बी हाय बोटात."

"मंग बोलली का न्हाईस?" मी ओरडलो. आयुष्यात आईवर असा कधी ओरडलो नव्हतो. "आबाला सांगायचं, मला सांगायचं! मी मुंबईला गेलो आस्तो, धरून आनला आस्ता!"

"म्हनूनच न्हाई बोलले," ती म्हणाली. "मेलेल्या मान्साला कुनी इचारत न्हाई, का येत न्हाईस. जित्ता हाय म्हनलं की पैला सवाल त्योच. त्याला मी काय उत्तर देऊ? का येत न्हाई? माझ्यात काय कमी हुतं? पोरात काय कमी हुतं? गावाच्या तोंडाला ह्ये चघळायला देऊ?"

लोक म्हणतात, बायकांनी बोलावं. बोलावं हो, पण ऐकणारानं पुढचा सवाल गिळायची तयारी ठेवावी.

"आन् उद्या?" मी म्हणालो. "उद्या तुझं कुंकू पुसतील. तो जित्ता आसून."

"पुसू द्या. मला वाटलं, कपाळावर न्हाई तर न्हाई, पेटीत तर हाय. सांच्याला तेवढं ऐकीन." तिनं खडा खाली टाकला. "आता पेटीत बी न्हाई."

मी उठलो. म्हणालो, "आत्ता जाऊन परत आनतो. नानाचं हॉटेल फोडून आनतो." तिनं माझं मनगट धरलं. खडी फोडून तिचा हात दगडासारखा झाला होता, मला सोडवेना.

"बस खाली. आनशील आन् आबा इचारील, परत का आनली. म्हाताऱ्याला सांगायचं न्हाई. मेलेल्या पोराचं त्याला पेलंल. जित्त्या पोराचं न्हाई पेलायचं."

आबा आला तेव्हा आम्ही दोघं शेजारी बसलो होतो. त्यानं गुळाचा खडा जिभेवर ठेवून बघितला, म्हणाला, चांगला आहे, कोल्हापुरी आहे. आई उठून चुलीकडं गेली आणि मिलोचं पीठ मळायला घेतलं, आणि मला जिथं तिथं ठेका ऐकू यायला लागला, तिच्या हाताच्या थापेत, कुत्र्याच्या शेपटीत, माझ्या छातीत. मला बापाला भेटायचं होतं आणि मला त्याला दगडानं हाणायचं होतं. दोन्ही एकदम. भाकरी मी खाल्ली. काय खाल्लं ते आठवत नाही.

सकाळी नदीवर भाऊकी जमली. नदी कसली, वाळू. वाळूत झरा खणून भांडंभर पाणी काढलं होतं. पळसाच्या पानांचा माणूस केला होता, नारळाचं डोकं. न्हावी वस्तरा परजत बसला होता. वरच्या अंगाला बायका आईला मधी घेऊन उभ्या होत्या. एकीच्या हातात बांगड्या फोडायला दगड होता. आबा काठीवर टेकून त्या पानांच्या पोराकडं बघत होता आणि त्याचे ओठ हलत होते.

मी न्हाव्यापुढं बसलो आणि म्हणालो, "भादर." त्यानं पाणी लावलं, वस्तरा फिरवला, माझे केस वाळूवर पडले. मग उठलो, कुणी हातात टेंभा दिला, मी पानांच्या बापाला अग्नी दिला. पानं वाळलेली, भडकन पेटली. नारळ तडकला. टक्. आईनं मान वर केली. मी तिच्याकडं बघितलं, आणि माझ्या लक्षात आलं की मी सरळ बायकांच्या घोळक्याकडं चाललोय. दगड धरलेल्या म्हातारीच्या हातातून मी दगड काढून घेतला आणि वाळूत फेकला.

"खुळं लागलं का काय ह्याला?" कुणीतरी म्हणालं.

"माझा बाप मेला," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो. "मी त्याच्यापायी डोकं भादरलं, आग बी दिली. माझं त्याचं मिटलं. पर माझ्या आईचा नवरा मेल्याला न्हाई. तिच्या कपाळाला ज्यानं हात लावला त्याला मी हितंच गाडीन."

सगळे आबाकडं बघायला लागले. भटजींनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. आबानं काठी वाळूत रोवली, माझ्याकडं बघितलं, आईच्या कुंकवाकडं बघितलं. मग घरून आणलेला पितळेचा तांब्या उचलून माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "जा, झऱ्याचं पानी आन. तुज्या आईला पाज आन् घरी ने."

मी झऱ्यावर गेलो, तांब्या भरला, आणि आईला घेऊन सगळ्यांच्या मधून घरी गेलो.